सोबत आलेली माणसं

४ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न. घडलं ते असं:

१. फिरत्या दवाखान्याची गाडी गावात पहिल्यांदा आली.
२. शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरांची खुर्ची आणि माझं औषधांचं टेबल मांडलं.
३. व्हरांडा भरला.
४. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कोण. सगळे म्हणाले, आम्ही नुसते सोबत आलोय.
५. पेशंट एकही निघाला नाही. बसून बसून डॉक्टरांनी स्वतःचाच रक्तदाब मोजला. जास्त होता.

इथे चारचौघांत आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटते. सुतारकाका दम लागून भिंत धरून उभे होते, तरी म्हणाले की बायकोसोबत आलोय. बायको म्हणाली, ती त्यांच्यासोबत आलीय. शाळेसमोरची आजी रक्तदाबाची गोळी अर्धी करून पुरवते, कारण औषधाचं दुकान बसने अर्ध्या दिवसावर. पुढची फेरीही अशीच गेली तर गाडी बंद, असं वरिष्ठांनी कळवलंय. मी फार्मसिस्ट आहे. लाजेवर माझ्याकडे औषध नाही. तू आयुष्यभर नर्स होतीस. काही सुचव.

तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. थर्मामीटर,
अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा. तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण पाणी घेऊन धावत आली.

अगं, पेशंट हवेतच कशाला? सोबत आलेल्यांनाच तपासा! दारावर पाटी लाव, की आधी सोबतीची तब्येत पाहिली जाईल, सोबत धडधाकट हवी. आणि तूही जरा हसत जा. तुझं तोंड बघून वाटतं, हसायलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मी मजेत. निवृत्तीत मांजराचा ताप मोजते. आता ते मला बघून कपाटावर चढतं.

माझा लोभ आहेच, तू जेवत जा.
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न., या वेळी वाकून.

पाटी लावली आणि धक्काबुक्की झाली. सुतारकाका मागे मागे सरकत होते. बायकोने सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावलं, की हे नापास झाले तर ती दुसरी सोबत बघेल. काकांनी दोन्ही बाह्या वर केल्या. डॉक्टरांनी दम्याचा फवारा लिहून दिला, तो कसा ओढायचा ते मी दाखवलं. काका छाती काढून, पास झालो म्हणत बाहेर पडले. आजीने अर्ध्या गोळीची कबुली दिली, पूर्ण पाकीट घेतलं आणि मलाच वजनकाट्यावर उभं केलं. मी नापास. मी मोठ्याने हसले, तेव्हा ड्रायव्हरला वाटलं मला काहीतरी झालं.

गाडी चालू ठेवायला वरिष्ठ तयार आहेत, पण नर्स नेमली तरच. जागा मंजूर आहे, निवृत्त नर्सही चालेल, पण अर्ज एकही नाही. पाटी कुणाची अक्कल, असं गाव विचारत होतं. मी खरं सांगितलं. आजीने तुझ्यासाठी तिची माडीवरची खोली झाडून घेतलीय; मी तिला अडवलं नाही. मलाही तू इथे हवी आहेस. हे मी एकदाच लिहिणार आहे.

लोभ तू न मागता देतेस, म्हणून तो मागत नाही. येणार की नाही, तेवढं मंगळवार, २६ फेब्रुवारीपर्यंत कळव.

तुझी भाची