उजवी मिशी औषधाची, डावी शोभेची

सोलापूर,
गुरुवार, ता. २४ मे १९७३

तीर्थस्वरूप रामहरीमामांच्या पायांशी भाचा वेणीमाधव याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसं काही नाही. तुमचा दमा कसा आहे? मामींचा गुडघा? बार्शीच्या कोर्टात पंखा बसला, की अजून वकील आणि अशील एकाच फायलीनं वारा घेतात? आमच्या सात रस्त्याच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. तुमची सूनबाई दुर्गा घागर घेऊन रांगेत उभी राहते आणि परत आल्यावर जे बोलते ते पाण्याविषयी नसतं, माझ्याविषयी असतं. कारण तुमचा भाचा गेले नऊ दिवस घरी बसून आहे. साहेबांनीच बसवलंय. का, ते सांगतो. पण चष्मा लावून मनातल्या मनात वाचा. मामींच्या कानावर गेलं की संध्याकाळच्या आत आईला कळेल, आणि मग मला सोलापुरात राहून उपयोग नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरच्या खाली आणि बैलाच्या किंचित वर. (बैलाला हे मान्य नसतं.) या दुष्काळात माढ्याच्या बाजूला गुरांची छावणी उघडली, तिथं मला पाठवलं. नऊशे जनावरं आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं, सगळी त्याच पत्र्यांच्या सावलीला. या महिन्याच्या दोन तारखेला आमचे डॉक्टर औषधं आणायला गावात गेले आणि दुपारी तीनला वादळ सुटलं. पावसाचा थेंब नाही, नुसता वारा! चार मिनिटांत निम्मे पत्रे उडाले. गुरांनी दावी तोडून पळ काढला, त्यांना काही झालं नाही. माणसं दावी धरायला धावली ती उडत्या पत्र्यांनी कापली गेली. अठरा जण. जवळचा माणसांचा डॉक्टर माढ्याला, रस्त्यात बाभळी आडव्या. आणि सबंध छावणीत सुई, दोरा, कापूस आणि जखम धुवायचं औषध कुणाजवळ? तर या वेणीमाधवाजवळ.

खरं सांगतो मामा, मी घाबरलो. सारजाबाई म्हणून एक बाई होती, तिच्या मनगटातून रक्ताची चिळकांडी उडत होती. मी बिचकत म्हटलं, बाई, मी गुरांचा आहे. तर ती म्हणाली, "आरं मग मला गाय समज की! गाय मरू देशील का?" शीर दाबली, बांधली. त्यानंतर मी माणूस की म्हैस हे बघितलंच नाही. रांग लावली. एकाला दोनदा औषध लागू नये म्हणून झालेल्याच्या कपाळावर जांभळ्या औषधाचा ठिपका दिला, लस टोचल्यावर गुरांना देतो तसा. (दोघांच्या पाठीवर थाप मारून "चल, हूं" असंही म्हणून गेलो. सवय हो.)

आता मुख्य आरोपी, म्हणजे मीच; आणि मुख्य पुरावा, मानसिंग. पस्तिशीचा गडी. डोक्याला दोन खोका आणि वरचा ओठ उजवीकडं उभा फाटलेला. सुई बैलाची, ती बघितल्यावर तो असा काही उसळला की शेवटी चौघांनी त्याला जनावरांच्या खोड्यात घातला आणि मान आवळून बांधली. डोक्याला टाके घालायचे तर केस काढायला हवेत, काढले. ओठाला घालायचे तर उजवी मिशी काढायला हवी, तीही काढली. आठ टाके असे बसले की आमच्या डॉक्टरांनी नंतर भिंग लावून बघितले. इथंच थांबलो असतो तर आज कामावर असतो. पण मामा, डावी मिशी एकटीच राहिली ना! पल्लेदार, पीळ दिलेली, आणि पलीकडं कुणीच नाही. मला ते बघवेना. म्हटलं, गडी गावात जाईल, पोरं हसतील. म्हणून निव्वळ माणुसकीनं मी तीही उतरवली. वर बजावलं, तीन दिवस तोंड उघडायचं नाही, नाहीतर टाके तुटतील.

संध्याकाळी सहाला एका संस्थेचे स्वयंसेवक डॉक्टर जीप घेऊन आले. चौघे होते, पांढरे कोट, भली पोरं. जीपमध्ये संमतिपत्रांचा गठ्ठा होता, दोरा मात्र संपला होता. प्रत्येक जखमीचा अंगठा घेतल्याशिवाय त्यांना हात लावायचा नव्हता आणि निम्म्यांचे अंगठे मी बांधून ठेवलेले. मी जरा कुत्सित हसलो, तर त्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "रक्ताची भीती नाही हो वाटत. नंतर येणाऱ्या कागदाची वाटते." तेव्हा मला तो भित्रा वाटला. आता वाटतं, त्याला माझ्यापेक्षा अनुभव जास्त होता.

कारण दुसऱ्या दिवशी मानसिंग गाडीत बसून गावी गेला. मी शहरातला, माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तिकडं बाप्या माणसाची मिशी आईबाप गेल्याशिवाय उतरत नाही. मानसिंग वेशीतून आत आला तो डोकं भादरलेलं, मिशी साफ, डोळ्यांत पाणी (टाके ठणकत होते म्हणून), आणि तोंडातून शब्द नाही (मी बजावलं होतं म्हणून). आई रंभाबाई तर दारात धडधाकट उभी. मग उरलं कोण? वडील रावजी आठवड्यापूर्वी करमाळ्याकडं लेकीला भेटायला गेलेले. लोकांनी विचारलं, "म्हातारं कवा गेलं रं?" यानं जोरजोरात मान हलवली. लोक म्हणाले, पोराला सोसंना. रंभाबाईनं टाहो फोडला, कपाळाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. भावकी गोळा झाली. मानसिंगानं कोळशानं भिंतीवर काहीतरी लिहून बघितलं, पण भावकीत वाचता येणारा एकटा तोच. तीन दिवस साऱ्या आळीनं सुतक पाळलं, आणि चौथ्या दिवशी रावजी एस.टी.तून उतरले. हातात लेकीनं दिलेली शेंगाचटणी. पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या बहिणीनं, ती हागणदारीपर्यंत पळत गेली म्हणतात. रावजींना घरात घ्यावं की न घ्यावं यावरच दोन तास खल झाला. आणि आत गेल्यावर त्यांना कळलं की आपलं घोंगडं धाकट्या भावानं नेलंय आणि आपण गेल्याबद्दल वाईट फक्त बायकोला वाटलंय. म्हातारा पेटणार नाही तर काय होईल?

मग रावजींच्या वकिलाची नोटीस आली. 'तुम्ही परवाना नसताना इलाज करून माझ्या अशिलास हयातीत मयत केले, त्यांच्या पत्नीचे सौभाग्य तीन दिवस स्थगित केले', वगैरे. मी चावडीवर माफी मागावी आणि मला नोकरीवरून काढावं. आमचे बसलिंगप्पासाहेब मनाचे चांगले, पण रागावले की कानडीत जातात. पाऊण तास कानडीत होते. मराठीत परतल्यावर म्हणाले, वेणीमाधव, तुम्ही केलं ते बरोबर, पण तुम्हाला वाचवणारा नियम माझ्याकडं नाही; जनावर दगावलं तर रकाना आहे, माणूस वाचला तर नाही. सोमवारी अकराला चौकशी. त्याआधी 'यापुढे कोणत्याही परिस्थितीत मनुष्यप्राण्यास हात लावणार नाही' असं हमीपत्र द्यायचं, म्हणजे प्रकरण बंद. नाही दिलं तर नोकरी गेली.

तुम्हीच मागं एकदा जेवताना पीनल कोडाचं ब्याण्णवावं कलम सांगितलं होतं, की अडीअडचणीत समोरच्याच्या भल्यासाठी शुद्ध बुद्धीनं केलं तर तो गुन्हा नाही. उजव्या मिशीचं माझं काम त्यात चोख बसतं. पण डावीचं काय? ती औषधासाठी नव्हती, शोभेसाठी होती. कायद्यात अर्ध्या मिशीला संरक्षण आणि अर्धीला शिक्षा असं काही असतं का? असेल तर अर्धी माफी मी आनंदानं मागतो.

बाकी आता मी शहाणा झालोय. कानाला खडा. पुढं माझ्यासमोर कुणी पडला तर मी आकाशाकडं बघत निघून जाईन. शिंगं असतील तरच वाकेन. दुर्गालाही शब्द दिलाय. लोकांचं भलं करायला शिकलेले लोक आहेत, त्यांनी अंगठे घेत बसावं. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (यापुढे),
वेणीमाधव

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. माफीचं मी बघतो. रावजी आता जरा निवळलेत, घोंगडंही परत मिळालं म्हणे. मला हवंय ते हमीपत्र. तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत भोकं शोधलीत. या एका कागदात जाणूनबुजून एक भोक ठेवा. साहेबांना बाहेरून दिसू नये, पण वेळ आली तर मी आणि माझी पिशवी त्यातून सुटून जावी. कारण सारजाबाईचं ते मनगट मला अजून झोपू देत नाही, मामा. मी आकाशाकडं बघत गेलो असतो तर ती पाच मिनिटांत गेली असती. तसली सही माझ्या हातून व्हायची नाही, आणि दोन पोरं घेऊन नोकरीही सोडता येत नाही.

ता. क. २ : दुर्गा म्हणते की तिला शब्द दिलाय हे वाक्य खोडा. तिनं घेतलाच नव्हता.

ता. क. ३ : डकवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. आत्ता चौकात टांगा उलटला. मी घोडा बघायलाच गेलो होतो, देवाशपथ. घोडा ठणठणीत आहे. टांगेवाल्याचा खांदा मात्र निखळला होता, तो बसवून आलो. तेव्हा हमीपत्रावर आजची तारीख घालू नका. उद्याचीही नको. सोमवारचीच घाला, मध्ये तीन दिवस आहेत.