मगरीचे दात आणि माझी दाढ

५ मार्च, सोमवार
दाढ ठणकतेय. मी घाबरलेलो नाही, फक्त गाल जरा मोठा दिसतो. बायकोने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.
वेटिंग रूममध्ये मुलांसाठी एक जुना व्हिडिओ गेम आहे, कपाटाएवढा. मूठ फिरवायची, बटणं बडवायची. कार्टूनमधली जनावरं बास्केटबॉल खेळतात. आपल्याकडे ससा आणि पाणघोडा, समोर दोन मगरी. बास्केट केली की मगर सगळे दात काढून हसते. अशा जागी हे दाखवायची काय गरज?
आतून ड्रिलचा आवाज आला. ठरवलं, आधी मगरींना हरवायचं, मगच आत. समोर ध्येय असलं की मन खंबीर होतं.
हरलो. माझा नंबर मागच्या बाईंना दिला. माणसाने सभ्य असावं.

७ मार्च, बुधवार
एका बाजूने चावतोय. जेवण सावकाश होतं, तब्येतीला चांगलंच.
नाव पुकारलं तेव्हा मी आघाडीवर होतो. अशा वेळी मैदान सोडता येत नाही, हे रिसेप्शनवरच्या मुलीला नीट समजावून सांगितलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईच दारात आल्या. सूज वर चढली तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल, म्हणाल्या. त्यांच्या हातात काहीतरी चकाकत होतं. माझ्या सशाची उडी चुकली.

९ मार्च, शुक्रवार
जिंकलो! सशाने कोलांटी मारून बॉल घातला, पडद्यावरच्या जाळीने पेट घेतला. आता आत जायला काहीच हरकत नव्हती. घोळ झाला तो तिथेच.
एक विजय योगायोगही असू शकतो. सलग तीन हवेत, असा सुधारित नियम केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, गेम सगळ्यात सोप्या लेव्हलवर ठेवलाय, नाहीतर लहान मुलं रडतात. तिला खेळातलं काय कळतं?

१० मार्च, शनिवार
ताप. डावा डोळा उघडत नाही. आरशात पाहिलं. परत पाहणार नाही.
बायकोने सोबत सासूबाईंना दिलं. त्यांचेही दोन दात काढायचे होते. मी मनात म्हटलं, सोबतीला खरं तर मीच आलोय. त्या आत गेल्या. मी दाराला कान लावला. ओरडण्याचा आवाज नाही, हे जास्तच भयंकर वाटलं.
तोंडात कापूस धरून त्या बाहेर आल्या, गेमची दुसरी मूठ पकडली, मगरी घेतल्या आणि मला सपाटून हरवलं. जन्मात पहिल्यांदा खेळत होत्या. मग कापूस गालात सरकवून म्हणाल्या, "जावईबापू, मीही घाबरले होते. म्हणून तर आधी गेले."
माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही आत येता का?"
त्यांनी माझा हात धरला.

११ मार्च, रविवार
काल दाढ गेली. मला काही कळलंही नाही. दुखलं ते सासूबाईंना, मी त्यांची बोटं आवळली म्हणून. सोमवारीच दाखवलं असतं तर रूट कॅनाल करून वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेजारची अजून वाचेल म्हणे. उद्या बोलावलंय.
भीती आता पार गेली. केवळ सोबत म्हणून, सासूबाई उद्या मोकळ्या आहेत का, हे बायकोला विचारायला सांगितलं.
त्या नाही म्हणाल्या. बोटांना बँडेज आहे.