पट्ट्यापट्ट्यांचा पडदा

प्रिय ठकूस,

आधी तुझा जीव भांड्यात पाडते. खोली अगदी तू कागदावर काढून दिली होतीस तश्शीच झाली आहे. तो निळसर करडा रंग डब्यात होता तेव्हा मला मेला ओल्या सिमेंटसारखा वाटला होता, पण भिंतीवर चढला आणि बघत राहावं असा दिसला. पलंगामागची एकच भिंत बारीक पानांच्या नक्षीची, पायाखाली जाड विणीची सतरंजी, खिडकीला पांढरे खरखरीत पडदे. उशा तर इतक्या, की झोपायच्या आधी त्या ठेवायच्या कुठे हाच प्रश्न! शेजारच्या बाई तोंडात बोट घालून बघत राहिल्या. लोकांच्या खोल्या सजवणारी लेक आईबापांना कशी विसरेल, म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

जुन्या खोलीला बघण्यासारखं काय होतं म्हणा. पिवळ्या भिंती आणि बाबांनी शिवलेला तो पडदा. जन्मभर लोकांचे पडदे शिवले आणि स्वतःच्या खिडकीला उरलेल्या पट्ट्या जोडल्या. फुलांखाली चौकडी, चौकडीखाली रेघा. शिंप्याच्या घरी ठिगळांचा कारभार, असं मी किती चिडवायचे. ते म्हणायचे, अगं, अख्ख्या गल्लीच्या खिडक्या तुला एका खिडकीत दिल्यात, आणखी काय हवं? तू तापात पडलीस की कुठली पट्टी कुणाच्या घरची, ते त्यांना विचारत बसायचीस.

त्यांचं विसरणं वाढलंय, ते तुला ठाऊकच आहे. उगाच येरझाऱ्या घालायचे, चिडायचे. शांत रंग असले की माणूस शांत होतो, असं तू म्हणालीस आणि मलाही ते पटलं. तेव्हा यात तुझी काही चूक नाही, हे पक्कं लक्षात ठेव आणि मगच पुढचं वाच.

रंगकाम होईपर्यंत त्यांना काकांकडे ठेवलं होतं. परत आले, तर त्यांनी खोलीच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि आत खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. मला म्हणाले, बाई, घर फार छान ठेवलंय तुम्ही. मी हसले गं! वाटलं, थट्टा करतायत. मग हात जोडून म्हणाले, निघतो आता, घरी ही वाट बघत असेल.

तेव्हापासून त्या पलंगाला त्यांची पाठ लागलेली नाही. बाहेरच्या खोलीत चपला पायाशी घेऊन बसल्या बसल्या डुलकी काढतात. परक्या बाईच्या खोलीत झोपणं बरं दिसत नाही म्हणतात. पूर्वी जेवलेलं विसरायचे, वार विसरायचे, पण सकाळी डोळे उघडले, पडदा दिसला, की अगं, चहा टाक, अशी हाक ठरलेली. आता अहो बाई, तुम्हाला त्रास नको. एवढ्या अदबीनं ते माझ्याशी लग्नाच्या वर्षीसुद्धा बोलले नव्हते. मला रडू येतं.

मी काय नाही केलं! घरी जाऊ म्हणून खाली नेलं, गल्लीला वळसा घालून परत आणलं. दार ओळखीचं वाटलं, आत आले, खोली दिसली, पुन्हा तेच. रंगाऱ्याला म्हटलं, बाबा रे, पिवळा फास. तो विचारतो, पिवळा म्हणजे कुठला? त्यानं दाखवलेल्यातला एकही आपला नाही. डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या वस्तू हलवायच्या नसतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर! मी हात टेकले गं.

परवा मशीनच्या खणात त्या पडद्याचा बांधायचा पट्टा सापडला. तो मी नव्या पडद्याला बांधला. बाबा उठून खिडकीपाशी गेले, पट्टा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मला वाटलं, आलं माझं माणूस परत. तर हळू आवाजात म्हणाले, बाई, राग मानू नका, पण हा आमच्या घरचा आहे. शिवण माझी आहे. ही शोधत असेल, तिला नेऊन देतो. आणि सोडवून खिशात घातला.

ठकू, जुना पडदा तू आठवण म्हणून नेलास. तुझ्या खिडकीला फार शोभतो, फोटो पाहिला मी. दिलेली वस्तू परत मागताना लाज वाटते, पण तो पाठव. धुऊ नकोस, इस्त्री करू नकोस, आहे तसाच पाठव. त्यानं काही होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. पण खिशातल्या पट्ट्यावर हात ठेवून ते रोज विचारतात, निघू का? आणि मी सांगते, थोडं थांबा, ती येतेच आहे.

तुझीच,
आई