खिडकीबद्दलचे कलम

मी, यारोमिर व्होंद्राक, वय एकसष्ट, मूळ धंदा ओतारी, नंतर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा खासदार, राहणार प्लझेन, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणी जबरदस्तीने लिहून घ्यायला येण्याआधी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर पत्नी अन्येझ्का हिला. ते सोडण्याचा सल्ला कोणी गोड बोलून दिला, तर त्याला कॉफीसुद्धा विचारू नये.

ओतकामाची हत्यारे कारखान्यातल्या युनियनला. फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता बळकावल्यापासून युनियन आमची राहिलेली नाही, पण साच्यात वाळू तशीच ठोकावी लागते. त्याच कारखान्यात मी पहिला संप केला, नोकरी घालवली आणि पुढे निवडून आलो. संसदेत पुष्कळ बोललो. कामगारांच्या चाळींत नळ आले, एवढेच मोजावे.

माझा जुना मित्र ओतकार बेनिश याला काही नाही. जर्मनांच्या छावणीत आम्ही दोघे एकच कोट आळीपाळीने घालत होतो. आज तो आमचा पक्ष कम्युनिस्टांत विलीन करायला सह्या गोळा करत फिरतो.

मला आत्महत्या करायची नाही. मी खिडकीतून उडी मारणार नाही, गॅस उघडा ठेवणार नाही, नदीवर एकटा जाणार नाही. तसे ऐकलेत तर ते मी केलेले नाही.

इथवर लिहिले आणि बेनिशच दारात उभा. पाव द्यायला आलेली शेजारीण मिलादाबाई तेव्हा इथेच होती. त्याने आपला कागद पुढे केला.

"उद्या शेवटचा दिवस, यारोमिर. कर सही आणि मोकळा हो."

"आधी तू माझ्या कागदावर कर. एक साक्षीदार कमी आहे."

त्याने वाचले. स्वतःच्या नावापाशी कसनुसा हसला. खिडकीच्या कलमापाशी हसू गेले.

"हे कलम काढ."

"का? खोटं आहे?"

त्याने माझा कागद टेबलावर ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "वहिनींना आजच त्यांच्या बहिणीकडे पाठव."

"आणि मी?"

त्याने पेन मागितले.

अन्येझ्का आत सामान बांधते आहे. मी जाणार नाही. मी गेलो, तर पक्षाच्या शाखेत ज्यांनी अजून सही केलेली नाही ते एकटे पडतील.

स्थळ प्लझेन, दि. २५ जून १९४८

सही: यारोमिर व्होंद्राक

साक्षीदार:
मिलादा हुबाच्कोवा, बेकरीवाली
ओतकार बेनिश. खिडकीबद्दलचे कलम वाचले. ते खरे आहे.