अळणी वरण

गोरेगाव,
ता. २ मार्च १९५८

ती. खुशालदादा यांस,
दुर्पताचा पाया पडून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. शेतातली लाखोरी उपटून झाली. म्हैस व्याली, पारडी झाली. जमुनाचे बाबा रोज तुझं नाव काढतात. तुझ्या पायांची सूज उतरली का? दवाखान्यात रात्री झोप लागते का?

मी सोमवारी गोंदियाला आले होते. तुला कोणी सांगितलं नसेल, कारण मी आत आलेच नाही. दारातून तुझे पाय दिसले. वहिनी पाठमोरी बसली होती. ती म्हणत होती, "डॉक्टरनं इतकं सांगितलं, तरी मीठ काऊन खाल्लं तुम्ही?" आणि तू म्हणालास, "जीभ आवरली नाही, मंदा. माझीच चूक झाली."

ते ऐकून मी तशीच मागे फिरले. पोरीचं काम निघालं म्हणून येता आलं नाही, असा निरोप मीच पाठवला होता. तो खोटा होता.

दादा, गेलं वर्षभर तू कोणाच्या पंगतीला बसला नाहीस. गुर्द्यांना सूज आहे, मीठ बंद आहे, हे चारचौघांत सांगायला तुला संकोच वाटायचा. लोक म्हणायचे, खुशालला आता भावकीचं अन्न नको झालं. मी त्यांना कधी अडवलं नाही. एकदा तर त्यांच्याबरोबर हसलेही.

जमुनाच्या साक्षगंधाला तू येतोस म्हणालास, तेव्हा मी तुला काय म्हटलं, आठवतं ना? "सोयऱ्यांसमोर बिमारीचं नाव काढू नको. मामा असा, तर पोरगी कशी निघेल, असं म्हणतील." तू फक्त मान हलवलीस. येताना मात्र वहिनीनं तुझ्याबरोबर अळणी वरणाचा डबा दिला.

फुलचूरचे बारा पाहुणे पंगतीला बसले. तू डबा उघडलास. नवरदेवाचे काका रामलालजी म्हणाले, "मामाजी, आमच्या संग बसून घरचा डबा? आमच्या संग खाल्लं तर बाटाल का जी?" कोणी हसलं नाही. त्यांनी हात पत्रावळीवरून मागे घेतला. मग बाकीचेही थांबले. तू माझ्याकडे पाहिलंस. खरं सांगायला तुझं तोंड मीच बांधून ठेवलं होतं.

मी म्हणाले, "तसं नाही जी. वरण थंड झालं, गरम करून आणते."

आत जाऊन तुझं वरण मी खरकट्याच्या बादलीत ओतलं. पंगतीचं वरण द्रोणात घेतलं, तुझ्यापुढे ठेवलं, आणि वाकून तुझ्या कानात म्हणाले, "तुझंच आहे, दादा."

पहिल्या घासालाच तुला कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रामलालजी तुझ्याकडे पाहत होते. तू दुसरा घास घेतलास, आणि मग मोठ्यानं म्हणालास, "दुर्पता, वरण वाढ." पाहुणे जेवू लागले. सोयरीक पक्की झाली.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घाबरून हातून झालं. पण पाहुणे दुसऱ्या दिवशीही राहिले. तू मला चुलीजवळ येऊन म्हणालास, "दुर्पता, आज नको." मी ऐकून घेतलं. आणि पुन्हा तेच वरण वाढलं. काल निभलं, तर आजही निभेल, असं वाटलं. तेव्हा मी घाबरलेली नव्हते, दादा.

चौथ्या दिवशी तुझा चेहरा सुजल्याचा निरोप आला. वहिनीनं विचारलं, तर मी म्हणाले, "त्यानं मागून घेतलं. मी काय करू?"

परवा बाजारात रामलालजी भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस बिमार आहे, हे मले तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

"सोयरीक मोडाल म्हणून भेली जी."

ते म्हणाले, "मोडली असती का नाही, मलेबी सांगता येत नाही." काल त्यांचा माणूस आला होता. लग्न वैशाखातच करायचं म्हणतात. मामाला काय चालतं, तेही त्यांनी विचारून पाठवलं. मी जमुनाला आणि तिच्या बाबांनाही सांगितलं आहे. जमुना माझ्याशी बोलत नाही.

राहिली वहिनी. तिचा राग तू अंगावर घेऊन राहिला आहेस. रात्रंदिवस तुझे पाय चेपते आणि तुलाच दोष देते. तिला वाचता येत नाही. म्हणून हे पत्र तूच तिला वाचून दाखव. मला वाचवायला एकही ओळ गाळू नको. ती ये म्हणेल, तेव्हाच मी येईन.

तुझी बहीण,
दुर्पता