उलट्या आट्याचा

२४ जुलै, गुरुवार
सकाळी चटणी वाटताना मिक्सर नुसताच घुंऽऽ करत बसला. पातं फिरेना. भांडं उचलून पाहिलं. ज्या काळ्या दातेरी चकतीवर भांडं बसतं त्या कपलरचे दात झडलेत. तनुजा म्हणाली, दुकानात टाकून येते. साफ नकार दिला. नवरा बी.ई. मेकॅनिकल, तोही फर्स्ट क्लास, आणि मिक्सर दुकानात?

शिवाय ही संधी आहे. संस्कृतीला बुधवारपर्यंत इंजिनिअरिंगच्या शाखांचा क्रम भरायचाय आणि ती पहिल्या नंबरावर कॉम्प्युटर टाकणार म्हणते. माझी एकुलती एक मुलगी खराडीच्या आयटीवाल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये जन्म काढणार. मीही काढतोय, पण माझं टेंपररी आहे. लग्नाच्या आधीपासून टेंपररी आहे.

प्लॅन: मिक्सर तिच्यासमोर दुरुस्त करायचा. मशीन म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पोरगी कीबोर्डला हात लावणार नाही. अर्ध्या तासाचं काम.

२५ जुलै, शुक्रवार
नवा कपलर आणला. आधी थिअरी घेतली. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे सैल. जगभर हाच नियम. मग पक्कड लावली आणि डावीकडे जोर केला. हलेना.

संस्कृतीने खालून मोटरचा दांडा धरला होता. तिने विचारलं, मोटर एवढी गरागरा फिरते, तर हा आपोआप सुटून का येत नाही? मी सांगितलं, घर्षण. मग विचारते, मोटर नक्की कुठल्या बाजूला फिरते? मी म्हटलं, हे सिलॅबसमध्ये नव्हतं. तिने बोटाने दांडा थोडा फिरवून पाहिला. पटलं असावं.

२६ जुलै, शनिवार
आज तरफ. जोर कमी पडत असेल तर दांडा लांब करा, हे मूलभूत तत्त्व. पक्कडीला पडद्याचा जुना पाइप जोडला आणि अंग टाकून डावीकडे ओढला. कपलर जागचा हलला नाही. अख्खा मिक्सर मात्र ओट्यावर गर्रकन फिरला आणि कोकम सरबताची बाटली फरशीवर. म्हणजे तत्त्व शंभर टक्के सिद्ध झालं. हे कुणाच्या लक्षात येत नाही. तनुजाने फरशी पुसता पुसता विचारलं की पुढचं तत्त्व ओट्यावरच करणार की बाल्कनीत जागा करून देऊ.

पाइप वाकडा झालाय. मटेरियल हलकं होतं.

२७ जुलै, रविवार
सासरे आप्पासाहेब शनिवार पेठेतून जेवायला आले. चटणी खलबत्त्यात कुटलेली. कारण विचारलं, तनुजाने सगळं साग्रसंगीत सांगितलं. मिक्सर त्यांनीच रुखवतात दिलेला. ओट्याजवळ मी आणि मिक्सर शेजारी शेजारी उभे. आप्पासाहेबांनी आमच्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "तनू, हा उलट्या आट्याचा आहे गं."

तोंडावर! आणि जावयाला 'हा'? एकोणीस वर्षं अहोजाहो करणारा माणूस आज परत अरेतुरेवर आला. तसा पहिल्यापासून राग आहेच माझ्यावर. लग्नातही रुखवताच्या टेबलापाशी सगळ्यांदेखत तनुजाला म्हणाले होते, हा लवकर तापतो, सांभाळून घे. तेव्हाही मी गिळलं, आजही गिळलं. संस्कार.

वाईट याचं वाटलं की संस्कृतीने बापाची बाजू घेतली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मिक्सरकडे.

२८ जुलै, सोमवार
वर्क फ्रॉम होम घेतलं. आज उष्णता. तापवलं की धातू प्रसरण पावतो. मीटिंग चालू ठेवून कपलरवर तनुजाचा हेअर ड्रायर धरला. अझीमने विचारलं, मागे विमान उतरतंय का? अझीम माझ्याच टीममधला, तोही मेकॅनिकलचाच. आमच्या टीममध्ये निम्मे मेकॅनिकलचेच आहेत. कारण सांगितल्यावर म्हणाला, दुकानात दे आणि सुटका करून घे. पळपुटा.

ड्रायर जळाला. कपलर डावीकडे अजून हलत नाही, उलट जास्तच आवळल्यासारखा वाटतो. उद्याच्या दिंडांचं पुरण तनुजाने हाताने पुरणयंत्रातून काढलं. दर फेऱ्याला एकदा माझ्याकडे बघत होती.

संस्कृतीला विचारलं, काय ठरलं? म्हणाली, विचार करतेय. हातचं जातंय सगळं.

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. आज चिरायचं नाही, कुटायचं नाही, वाटायचं नाही. म्हणून मी पक्कड, पाना सगळं बाजूला ठेवलं. तनुजा म्हणाली, गेल्या वर्षी तर याच दिवशी भिंतीत खिळे ठोकत होतास. श्रद्धा वाढते माणसाची. दिंडं उत्तम झाली होती. दुपारी झोपलो.

३० जुलै, बुधवार, सकाळी
कपलर निघालाय! ओट्यावर वाटीत ठेवलेला होता. संस्कृतीने काढला म्हणे, पक्कडीच्या एका हिसक्यात. अर्थात तो मी आधीच सैल करून ठेवला होता. तीन दिवस. शेवटचं बोट कुणीही लावेल.

आणि खरी बातमी पुढे: पहिल्या नंबरावर मेकॅनिकल! डोळ्यांत पाणीच आलं. अझीमला फोन करून सांगितलं की माणसाने समोर करून दाखवावं लागतं, त्याशिवाय पुढच्या पिढीला प्रेरणा मिळत नाही.

त्याच दिवशी, रात्री जेवण झाल्यावर
नवा कपलर मी बसवायला घेतला. उजवीकडे फिरवतोय, फिरवतोय, धरतच नाही. पीस खराब आहे म्हटलं. संस्कृतीने हातातून घेतला, डावीकडे फिरवला. बसला.

म्हणाली, "बाबा, मोटर उजवीकडे फिरते म्हणून आटे उलटे. नाहीतर चालू केल्या केल्या सुटला असता. तू तीन दिवस तो घट्ट करत होतास. आजोबांनी सांगितलं होतं की रविवारी."

मी म्हटलं, ते मला म्हणाले होते. ती म्हणाली, मिक्सरला.

मेकॅनिकल का घेतलंस, ते विचारायला नको होतं. विचारलं. "घरात एकाला तरी यायला हवं ना," म्हणाली. चिडून नाही, अगदी प्रेमाने. तेच जास्त लागलं.

भांड्यात शेंगदाणे घातले आणि मिक्सर सुरू केला. छान चालला. चालूच ठेवला. थोड्या वेळाने जळका वास आला तशी तनुजा आतून ओरडली, "अरे थांबव, तो लवकर तापतो!"

मी विचारलं, कोण?