वायर काढलेलं मशीन

अहो,

डिचोलीला तांब्याची तार आणायला गेल्यापासून तुमचा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवते. तुमचं फुकट विजेचं मशीन पुसताना आईंना जबर शॉक बसला. वायर काढलेली होती, म्हणून "पुसा, काही होत नाही," असं मीच म्हटलं. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

आईंची दोन बोटं काळी पडलीत. पेडण्याच्या डॉक्टरांनी म्हापशाला पाठवलंय. मी कपडे न्यायला आले होते. तुम्ही मशीनला हात न लावता थेट तिकडे या.

तुमचं नाव येऊ नये म्हणून आई डॉक्टरांना "मिक्सरचा शॉक" सांगत होत्या. मी त्यांच्यासमोरच खरं सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

सुलक्षा